पावसाळ्यातला सराव आणि बाणाची निवड

बाहेर पाऊस धो-धो पडतोय, तरी एवढे सगळे आलात, त्याबद्दल आधी आभार. आजचा विषय तसा छोटा वाटेल: मोसम नसताना सराव करायचा, तर बाण कोणते घ्यायचे? पण दर वर्षी जूनमध्ये आम्हांला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. आणि उत्तर चुकलं की मुलांचे चार महिने फुकट जातात, हे आम्ही स्वतः पाहिलंय.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. या विषयावर मोबाईलवर जे व्हिडिओ दिसतात, ते बहुतेक अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे असतात. त्यांचा शिकारीचा मोसम ठरलेला असतो आणि बाकीचे महिने ते सराव करतात. आपल्याकडे तसं काही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे आणि त्यासाठी तुरुंगवास होतो. वसईच्या उशाला तुंगारेश्वर अभयारण्य आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: 'नुसता नेम धरून बघितला' ही सबब चालत नाही. आपल्या पालघर जिल्ह्यात तिरकामठ्याची ओळख जुनी आहे, पण आज आपण बोलतोय ते लक्ष्यावर मारायच्या बाणांबद्दल. धारदार पात्याचं शिकारी टोक सरावात आणूच नका. ते लक्ष्याची गादी फाडतं आणि बाण काढणाऱ्याचा हात कापतं.

तरीही त्या शिकाऱ्यांची एक सवय घेण्यासारखी आहे. शिकारीच्या बाणाला १२५ ग्रेनचं टोक असेल, तर सरावाच्या बाणालाही ते १२५ ग्रेनचंच साधं टोक लावतात. १२५ ग्रेन म्हणजे साधारण ८ ग्रॅम. कारण सोपं आहे. टोकाचं वजन बदललं की बाणाचं वागणं बदलतं, आणि मग सराव एका बाणाचा अन् परीक्षा दुसऱ्याची असं होतं.

आपला रिकामा मोसम म्हणजे पावसाळा. वसई-विरारमध्ये जूनपासून मैदानं पाण्याखाली जातात, चिखलात स्टँड उभा राहत नाही. म्हणून आपण पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर एखाद्या हॉलमध्ये शिरतो. बाहेर रिकर्व्हचं अंतर ७० मीटर आणि कंपाउंडचं ५० मीटर असतं. आत आलो की दोघांनाही १८ मीटर. मग दुकानदार म्हणतो, 'इनडोअरचे जाड बाण घ्या, रेषेला लागले तर जास्त गुण मिळतात.' हे खरं आहे. बाण रेषेला टेकला की वरचा गुण धरतात, त्यामुळे जाड दांडीचा थोडा फायदा होतो. आंतरराष्ट्रीय नियमात दांडीची जाडी ९.३ मिलिमीटरपर्यंत चालते. पण हा फायदा स्पर्धेतला आहे, सरावातला नाही. ज्याला खरोखर इनडोअर स्पर्धा खेळायची आहे, त्याने जाड बाण जरूर घ्यावेत. बाकीच्यांना सरावात दोन गुण वाढून काय मिळणार? सरावाचा बाण गुण देण्यासाठी नसतो. तो खरं सांगण्यासाठी असतो.

खरं सांगतो म्हणजे काय, ते बघू. बोटांनी दोरी सोडली की बाण सरळ जात नाही. तो आधी वाकतो, धनुष्याच्या मुठीला वळसा घालतो आणि मग लहरत लहरत सरळ होतो. त्याने किती वाकायचं, हे दांडीच्या ताठपणावर ठरतं. या ताठपणाला स्पाइन म्हणतात. मोजण्याची पद्धत अशी: २९ इंचांची दांडी २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध ८८० ग्रॅमचं वजन लटकवायचं आणि दांडी किती झुकते ते बघायचं. अर्धा इंच झुकली तर स्पाइन ५००. म्हणजे आकडा मोठा तेवढी दांडी लवचिक. इथे नवीन पालकांचा हमखास गोंधळ होतो. ९०० चा बाण ५०० पेक्षा 'भारी' नसतो, मऊ असतो.

आता हा आकडा धनुष्याशी जुळवावा लागतो. धनुष्याचा ओढा जितका जास्त पौंडांचा, तितकी ताठ दांडी लागते. दांडी लांब ठेवली किंवा टोक जड लावलं, की तीच दांडी मऊ वागते. कापून आखूड केली की ताठ वागते. बाण बनवणाऱ्या कंपन्यांचे तक्ते असतात. ओढ्याचे पौंड आणि बाणाची लांबी, दोन्ही मोजून तक्ता बघा. पौंड धनुष्यावर लिहिलेले धरू नका. मूल जिथपर्यंत दोरी ओढतं तिथे काट्यावर मोजा.

आमची एक चूक सांगतो. आमच्याकडे एक मुलगी सरावाला यायची. वडिलांनी कुणाकडून तरी वापरलेले बाण घेतले होते. कंपनी चांगली, बाण दिसायला झकास. पण ते एका मोठ्या मुलाच्या धनुष्याचे होते, हिच्यासाठी फारच ताठ. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो. हिचे बाण डावीकडे जायचे आणि आम्ही म्हणायचो, 'सोडताना हात हलतोय, नीट कर.' पोर ऐकणारी. तिने मनगट वळवून बाण मधोमध आणायला सुरुवात केली, आणि आम्ही शाबासकी दिली. पाऊस संपला, योग्य बाण हातात आले, आणि सगळे उजवीकडे जायला लागले. चार महिन्यांत पक्की झालेली ती मनगटाची खोड काढायला पुढचा अख्खा मोसम गेला. त्या काळात तिला वाटत राहिलं की आपल्यालाच जमत नाही. दोष बाणाचा होता, आणि तो न तपासणारे आम्ही होतो.

हे दहा मिनिटांत कळलं असतं. रिकर्व्हसाठी युक्ती अशी: तीन-चार बाण पिसांसह मारा, मग त्याच जातीचे दोन बाण पिसं काढून मारा. १८ मीटरवर हे छान जमतं. बिनपिसांचा बाण इतरांच्या डावीकडे लागला तर दांडी ताठ, उजवीकडे लागला तर मऊ. डावखुऱ्यांनी उलट वाचायचं. पिसं बाणाची चूक झाकतात. पिसं काढली की बाण खोटं बोलू शकत नाही.

लांबीबद्दल कुठेही तडजोड नको. आखूड बाण ओढताना टेकूच्या मागे सरकतो आणि सोडल्यावर हातात घुसू शकतो. वाढत्या वयाच्या मुलाला बाण दोनेक इंच लांबच घ्या. वजनाचंही तसंच. कंपाउंडसाठी एका पौंडाला किमान ५ ग्रेन हा साधारण धरला जाणारा हिशोब आहे. ४० पौंडांच्या धनुष्याला २०० ग्रेन, म्हणजे १३ ग्रॅमपेक्षा हलका बाण नको. बाण फार हलका असला की धक्का धनुष्यालाच बसतो.

दांडी कशाची घ्यावी? बांबूची दांडी आपल्या दमट हवेत वाकते, म्हणून पावसात ती आडवी, सपाट ठेवावी आणि रोज डोळ्यासमोर धरून तपासावी. ॲल्युमिनियम स्वस्त पडतं, फुगत नाही, पण भिंतीवर आपटलं की वाकतं. कार्बन वाकत नाही, तडकतं. म्हणून मारण्याआधी प्रत्येक कार्बन बाण हलका वाकवून, पिळून बघा. करकर आवाज आला किंवा चीर दिसली तर तो बाण तिथेच मोडून टाका. 'जवळून मारायला चालेल' असं म्हणून ठेवू नका. तडकलेली दांडी सुटताना फुटते आणि तिच्या काड्या हातात घुसतात.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवले. पंधरा बाण, पंधराही दहामध्ये. तेव्हापासून पालक विचारतात, 'त्यांचे बाण कोणते?' प्रश्न प्रेमापोटी असतो, पण चुकीचा असतो. ते बाण त्यांच्या धनुष्याला आणि त्यांच्या ओढ्याला जुळवलेले आहेत. तुमच्या मुलाचं धनुष्य आज जितकं आहे, तितकाच बाण हवा.

मग या पावसाळ्यात करायचं काय? नवीन मुलांनी एकच संच घ्यावा, मधल्या किमतीचा आणि नीट जुळवलेला. सहा बाण पुरतात. स्पर्धक मुलांनी महागडा संच पेटीत ठेवावा आणि त्याच स्पाइनचा, त्याच वजनाच्या टोकाचा जुना संच वापरावा. १८ मीटरवर एकाच ठिपक्यावर मारलं तर बाणावर बाण बसून नॉक फुटतात, म्हणून तीन ठिपक्यांचा कागद लावा. प्रत्येक बाणावर क्रमांक लिहा आणि वहीत नोंद ठेवा. चार नंबरचा बाण रोजच बाहेर जात असेल, तर पोराला ओरडण्याआधी तो बाण बाजूला काढा.

वेळ संपत आली. जाता जाता एवढंच: आज घरी गेल्यावर दोन बाणांची पिसं काढा आणि पुढच्या रविवारी ते घेऊन या. आपण सगळे मिळून मारून बघू.