बक्षीस कशाला द्यायचे?

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत उन्हाळा सरत आला की गावच्या सभागृहात किंवा मैदानावर उभारलेल्या तंबूत एक दिवसाचा 'फ्लॉवर शो' भरतो. नाव फुलांचे असले तरी टेबलांवर कांदे, बटाटे, गाजरे, सफरचंदे, घरी केलेले जॅम आणि केक, विणकाम, टोपल्या, मुलांनी भाज्यांपासून केलेले प्राणी असे सगळे मांडलेले असते. कोणत्या गटात काय आणि किती मांडायचे, हे सांगणारे नियमपत्रक कित्येक महिने आधी निघते. तीन कांदे म्हटले असताना चौथा ठेवला, तर परीक्षक 'नियमपत्रकाप्रमाणे नाही' असा शेरा मारतात आणि कांदे कितीही देखणे असले तरी ते स्पर्धेतून बाद होतात. सकाळी मांडामांड होते आणि परीक्षण सुरू झाले की स्पर्धकांना आत थांबता येत नाही. पक्षपात होऊ नये म्हणून नावाची चिठ्ठी पालथी ठेवतात आणि परीक्षक अनेकदा बाहेरगावचा बोलावतात. दुपारी दारे उघडली की सारा गाव निकाल पाहायला येतो. अलीकडे अशा प्रदर्शनांना मधमाश्या, कुरणे, पाखरे असा निसर्गाशी जोडलेला एखादा विषय देण्याची पद्धत रुळली आहे. ती स्वागतार्हच आहे, पण प्रदर्शन निसर्गाच्या बाजूचे आहे की नाही, हे प्रवेशद्वारावरच्या फलकावरून ठरत नाही. ते परीक्षकाच्या गुणपत्रिकेवरून ठरते. गाव कशाला बक्षीस देते, यावर पुढच्या वर्षी गावात काय पिकेल हे अवलंबून असते.

म्हणून आधी गुण कशाला मिळतात ते पाहू. १८०४मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे 'रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी' झालेल्या संस्थेची प्रदर्शनांसाठी एक नियमपुस्तिका आहे. अनेक गावे तिच्याच आधाराने परीक्षण करतात. भाजी ताजी आणि निर्दोष हवी, आकार डौलदार हवा, त्या जातीला शोभेल एवढी ती मोठी हवी आणि एका ताटलीतले सगळे नग एकसारखे हवेत. या शेवटच्या अटीला फार वजन असते. तीन कांदे सुटे सुटे कितीही उत्तम असले, तरी एक दुसऱ्यापेक्षा लहान असेल तर गुण जातात. शेंगा सरळ हव्यात, गाजराला फाटा फुटलेला चालत नाही, सफरचंदावरचा नैसर्गिक मेणचट थर पुसला गेलेला चालत नाही. हे निकष आकाशातून पडलेले नाहीत. तीन एकसारखे कांदे तयार करायचे तर त्यासाठी कितीतरी कांदे निगुतीने वाढवावे लागतात. माती, खत, पाणी आणि वेळ यांवर माळ्याची किती हुकमत आहे, याची ती परीक्षा असते. श्रीमंताच्या बागेला आणि मजुराच्या परसाला एकाच मापाने मोजायचे, तर असे डोळ्यांना दिसणारे, वाद न होणारे निकष सोयीचे ठरतात. यात एक प्रकारची न्यायबुद्धी आहे आणि ती मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा.

निकष पिकाला किती वाकवू शकतात, याचा सर्वांत बोलका पुरावा गूजबेरीचा आहे. हे काटेरी झुडपाला लागणारे, आवळ्यासारखे दिसणारे आंबट फळ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लँकेशायर आणि आसपासच्या भागांत विणकर आणि कारागीर यांनी गूजबेरीची मंडळे काढली. त्यांच्या स्पर्धेचा निकष एकच होता, तो म्हणजे वजन. झुडपावर मोजकीच फळे ठेवायची, त्यांची डोळ्यांत तेल घालून राखण करायची आणि बियांपासून उगवलेल्या रोपांतून जास्तीत जास्त मोठे फळ देणारे रोप निवडायचे, हे पिढ्यानपिढ्या चालले. चार्ल्स डार्विनने १८६८च्या आपल्या ग्रंथात या स्पर्धांच्या नोंदींचा आधार घेतला आहे. रानटी गूजबेरीचे वजन साधारण १२० ग्रेन, म्हणजे आठ ग्रॅमच्या आत. १७८६च्या सुमारास त्याच्या दुप्पट वजनाचे फळ स्पर्धेत आले आणि १८५२पर्यंत 'लंडन' नावाच्या जातीचे फळ ८९५ ग्रेनवर, म्हणजे जवळजवळ ५८ ग्रॅमवर पोहोचले. यात सुधारलेल्या मशागतीचा वाटा आहे, पण मुख्य वाटा सतत केलेल्या निवडीचा आहे, असे डार्विनने म्हटले. यॉर्कशायरमधल्या एग्टन ब्रिज या गावात १८००पासून चालत आलेली गूजबेरीची स्पर्धा आजही ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी भरते. तिथे २०१९मध्ये ६४.८३ ग्रॅमचे फळ तोलले गेले आणि तो जागतिक विक्रम ठरला. प्रयोगशाळा नाही, सरकारी योजना नाही, मोठ्या रकमेची बक्षिसे नाहीत. केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांतल्या चुरशीने एका फळाचे वजन सात-आठ पटींनी वाढवले. गावच्या प्रदर्शनाची ताकद एवढी आहे.

पण वजनालाच बक्षीस म्हटले की चव, रोगाला तोंड देण्याची क्षमता, पाखरांना आणि कीटकांना होणारा उपयोग या गोष्टी नजरेआड जातात. एकसारखेपणाला बक्षीस म्हटले की वेगळे दिसणारे रोप उपटून टाकण्याजोगे वाटू लागते. विसाव्या शतकात बाजारानेही हीच नजर उचलून धरली. १९७०च्या दशकात युरोपीय नियमांनुसार अधिकृत यादीत नसलेल्या भाजीपाल्याच्या जातींचे बियाणे विकण्यावर बंदी आली. यादीत नाव घालायला खर्च होता, त्यामुळे परसातल्या कितीतरी जुन्या जाती बाजारातून गेल्या. तेव्हा लॉरेन्स हिल्स यांच्या पुढाकाराने सेंद्रिय बागकाम करणाऱ्यांच्या संस्थेने अशा जाती जपण्याचे काम हाती घेतले आणि त्यातून 'हेरिटेज सीड लायब्ररी' उभी राहिली. आज तिथे सुमारे ८०० जाती आहेत आणि त्या घरोघरच्या स्वयंसेवकांनी वाढवलेल्या बियांवर तगून आहेत. बागेबाहेर काय झाले तेही ध्यानात घ्यावे. इंग्लंड आणि वेल्समधली रानफुलांची जुनी कुरणे १९३०च्या दशकापासून पुढच्या पन्नास वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. याचा दोष गावच्या प्रदर्शनाला देणे अन्याय होईल. नांगर, रासायनिक खते आणि शेतीचे धोरण ही त्याची कारणे होती. तरीही नीटनेटके, मोठे आणि सारखे म्हणजेच चांगले, ही समजूत शेतात आणि टेबलावर एकच होती, हे नाकारता येत नाही.

म्हणजे स्पर्धा ही निसर्गाची वैरीण आहे का? अजिबात नाही, आणि त्याचाही पुरावा तिथलाच आहे. वेकफील्ड आणि उत्तर इंग्लंड ट्यूलिप मंडळ १८३६पासून चालू आहे. एके काळी अशी अनेक मंडळे होती. त्यांच्या सदस्यांत मोठ्या संख्येने कामगार-कारागीर असत, आणि ते पिसाऱ्यासारख्या रेघा उमटलेली ट्यूलिपची फुले वाढवत. या रेघा माव्यासारख्या किडीमुळे पसरणाऱ्या विषाणूने उमटतात, हे विज्ञानाला विसाव्या शतकात कळले. आजही हे मंडळ आपली फुले जुन्या रिवाजाप्रमाणे बियरच्या बाटल्यांत खोचून मांडते. विषाणूबाधित कंदांना मोठ्या व्यापारात थारा नाही. तरी या जाती आज जिवंत आहेत, कारण कंद एका सदस्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात राहिले आणि दरवर्षी ते मांडायला एक टेबल होते. गूजबेरीच्या स्पर्धेने फळ बदलले, ट्यूलिपच्या स्पर्धेने फूल राखले. रीत तीच, चुरस तीच. फरक फक्त कशाला मान मिळतो याचा आहे.

हीच कसोटी हस्तकलेच्या टेबलालाही लावावी. निसर्ग हा विषय दिला की रंगवलेली फुलपाखरे आणि लोकरीचे ससे भरपूर येतात. मुलांसाठी ते चांगलेच आहे. पण निसर्गाशी खरे नाते चित्राचे नसून सामग्रीचे असते. इंग्लंडमधली पारंपरिक टोपली विलोच्या फोकांची. सॉमरसेटच्या पाणथळ सखल भागात ही झाडे त्यासाठीच लावतात आणि दरवर्षी छाटतात. कुंपणे आणि काठ्या हेझलच्या. हे झाड बुंध्याशी छाटले की नव्या जोमाने फुटते, आणि छाटलेल्या जागी उन्हाचा कवडसा जमिनीपर्यंत पोहोचला की रानफुले आणि त्यांच्यावर जगणारी फुलपाखरे परततात. ही छाटणी थांबली तेव्हा रान दाट आणि अंधारे झाले आणि उघडिपीवर अवलंबून असलेले जीव मागे पडले. म्हणजे टोपली विणणारे आणि काठी घडवणारे हात कमी झाले की रानातलेही काहीतरी कमी होते. जिच्या चिठ्ठीवर काड्या कुठून, कोणत्या ऋतूत, किती कापल्या हे लिहिले आहे, अशी टोपली निसर्गविषयक प्रदर्शनात चित्रापेक्षा वर असायला हवी. आपल्याकडच्या बुरुडांच्या सुपांना आणि टोपल्यांना हेच लागू आहे. बांबू कोणत्या वयाचा घ्यायचा, बेटातले कोंब कसे राखायचे, हे ज्ञान त्या सुपात विणलेले असते, पण आपण दाद देतो ती फक्त विणीला.

यावर पहिला आक्षेप असा की, हा तर चार घटकांचा विरंगुळा. त्यावर एवढी जबाबदारी कशाला लादायची? पण विरंगुळा म्हणून केलेल्या गोष्टी माणूस सक्तीने केलेल्या गोष्टींपेक्षा जास्त मन लावून करतो, हे गूजबेरीने दाखवले आहे. आनंद कमी करण्याची कुणाची मागणी नाही. आनंदाने चाललेल्या कामाला दिशा असतेच. ती डोळसपणे निवडावी एवढेच म्हणणे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकसारखेपणा मोजता येतो, विविधता कशी मोजायची? परीक्षकाच्या लहरीवर निकाल जाणार नाही का? पण परीक्षक आजही जॅमची चव घेतात, केकचा पोत पाहतात, पुष्परचनेतला तोल जोखतात आणि गावे ते निकाल मानतात. विविधतेचे निकष त्याहून अवघड नाहीत. जातीचे नाव, बियाणे कुठून आले आणि किती वर्षे घरी राखले, विषारी फवारणी केली का, झाडावर कोणते कीटक येतात, या माहितीची तपासणी करता येते. मुख्य म्हणजे तीन सारख्या कांद्यांचा गट बंद करायचा नाही. ती कारागिरी जपावी आणि तिच्याशेजारी नवे गट मांडावेत. वरच्या पातळीवर हा बदल सुरू झालाच आहे. २०२२मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने गोगलगायींना सरसकट उपद्रवी म्हणणे थांबवले. त्याच वर्षी तिच्या चेल्सी प्रदर्शनात बीव्हर या प्राण्याने घडवलेल्या ओढ्याकाठचे रान साकारणारी बाग सर्वोत्कृष्ट ठरली. ही बाग कसली, असे विचारणारेही पुष्कळ निघाले. असा वाद होणे हे जिवंतपणाचेच लक्षण आहे.

तिसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. रानातल्या गोष्टीला बक्षीस दिले की लोक ती ओरबाडायला निघतील. ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याने जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटणे गुन्हा ठरवले आहे, ते उगीच नाही. आपल्याकडे हा प्रश्न रानभाज्यांच्या बाबतीत थेट समोर येतो. महाराष्ट्राचा कृषी विभाग २०२०पासून पावसाळ्यात, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, शेवळे अशा भाज्या शहरातल्या माणसाला तिथे पाहायला आणि चाखायला मिळतात. पण नुसती मागणी वाढली तर कंद खणून नेणारे हातही वाढतील. म्हणून बक्षीस ताटातल्या पदार्थाला देऊन थांबू नये, त्यामागच्या जाणकारीला द्यावे. शेवळे नीट रांधली नाहीत तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यांत काकडाची फळे घालतात. म्हणजे एका भाजीसाठी दुसऱ्या झाडाचीही ओळख लागते. कोणता कोंब खुडायचा, कंद जमिनीत का ठेवायचा, कुठल्या आठवड्यानंतर पाने तोडायची नाहीत, हे सांगणाऱ्या बाईला पहिला मान मिळाला, तर महोत्सवच रानाची राखण करील.

महाराष्ट्राला या विचाराची परंपरा नवी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३मध्ये आपल्या भाताच्या शेतात इतरांहून वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्या बाजूला काढून वाढवल्या आणि त्यातून पुढे 'एचएमटी' नावाने गाजलेला तांदूळ आला. केवळ सारखेपणाला मान देणाऱ्या नजरेने त्या लोंब्या भेसळ म्हणून फेकल्या असत्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातच गावरान वाणांची बियाणे बँक उभारली आणि २०२०च्या पद्मश्रीने देशाने त्या कामाची दखल घेतली. अशी माणसे गावोगाव आहेत, पण त्यांचे काम मांडायला टेबल नाही आणि ते ओळखायला परीक्षक नाही. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. बऱ्याचदा हे काम कागद भरण्यापुरते उरते. गावच्या यात्रेत किंवा महोत्सवात एक दिवस प्रदर्शन भरवावे, प्रत्येक वस्तूसोबत तिचे नाव, उगम आणि राखण्याची रीत लिहिलेली चिठ्ठी असावी, शाळेतल्या मुलांनी ती नोंदवहीत उतरवावी आणि गुण त्या चिठ्ठीलाही असावेत. यासाठी मोठा निधी लागत नाही. इंग्लंडच्या विणकरांनी दोनशे वर्षांपूर्वी एका फळाचे वजन वाढवून दाखवले ते केवळ आपल्या गावात मिळणाऱ्या मानासाठी. तेवढाच मान आपण वाण राखणाऱ्याला आणि रान ओळखणाऱ्याला दिला, तर राखण्याची चुरस लागेल. नियमपत्रक लिहायला बसलेल्या चार-पाच जणांच्या हातात हे आहे, आणि सुरुवात पुढच्याच नियमपत्रकापासून करता येईल.