भुतांवर पीएचडी करणाऱ्या बाईची भूतकथा

वाडा नाही, पांढरी साडी नाही, अमावास्या नाही. आहे तो फक्त वारा. 1925 सालची ‘द विंड’ ही अमेरिकन कादंबरी आजही झोप उडवते. घरापासून लांब, एकट्या राहणाऱ्यांची तर जास्तच!

भूतकथा म्हटली की आपल्या डोक्यात सेट तयार असतो. पडका वाडा, करकरणारं दार, पिंपळ. डोरोथी स्कारबरोनं यातलं काहीच वापरलेलं नाही. तिच्या कादंबरीतलं भूत भरदुपारी येतं, दाराच्या फटीतून घरात शिरतं आणि रोज येतं. कारण ते भूत म्हणजे वारा.

लेटी मेसन, वय वर्षं 18. हिरव्यागार व्हर्जिनियात लाडात वाढलेली. आई जाते आणि आधाराला कुणी उरत नाही. मग चुलतभावाच्या भरवशावर पोरगी आगगाडीत बसते आणि थेट पश्चिम टेक्सासच्या फ्रंटियरवर, म्हणजे नव्यानं वस्ती होत असलेल्या मुलखात, येऊन पडते. गावाचं नाव स्वीटवॉटर. म्हणजे गोडं पाणी! आणि काळ कुठला, तर 1886-87चा भीषण दुष्काळ. गुरं पटापट मरतायत, विहिरी आटल्यात, आणि वारा? तो थांबतच नाही. डोळ्यांत वाळू, जेवणात वाळू, अंथरुणात वाळू.

गाडीत भेटलेला वर्ट रॉडी नावाचा माणूस तिला आधीच घाबरवून ठेवतो. इथला वारा बायकांना वेड लावतो म्हणून. पुढे भावाच्या बायकोला, कोराला, ही नाजूक पाहुणी डोळ्यांत खुपायला लागते. जायला दुसरी जागा नाही म्हणून लेटी लाइज नावाच्या काउबॉयशी लग्न करते. चांगला माणूस, पण दिवसभर बाहेर. मग घरात उरतात दोघंच. ती आणि वारा. हळूहळू तो वारा तिला मोकाट उधळलेल्या भुताच्या घोड्यासारखा दिसायला लागतो.

भुतांचा अभ्यास, पक्का!

लेखिकेचं क्वालिफिकेशन भारी आहे. डोरोथीनं कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट केली ती चक्क इंग्रजी कथासाहित्यातल्या अद्‌भुतावर! 1917 साली त्याचं पुस्तकही आलं. म्हणजे भूत कधी दाखवायचं आणि कधी नुसतं ऐकवायचं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. शिवाय लहानपणी आईच्या तब्येतीसाठी त्यांचं कुटुंब काही वर्षं स्वीटवॉटरलाच राहिलं होतं. त्यामुळे ती वाळू ऐकीव नाही.

पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचं नावच नव्हतं. पुस्तक आलं आणि पश्चिम टेक्सासची मंडळी भडकली. आमच्या भागाची बदनामी केली म्हणून! मर्दानी काउबॉयच्या गोष्टी ऐकायची सवय झालेल्यांना घरात बसून झुरणाऱ्या बाईची गोष्ट पचणं अवघडच होतं. आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. हा मुलूख ‘रिकामा’ कधीच नव्हता. 1874-75च्या युद्धापर्यंत इथे कोमांचे लोकांचा वावर होता. त्यांना हुसकावल्यावरच ही वस्ती उभी राहिली.

पण भूत आहे की नाही?

खरी गंमत इथेच आहे. वारा खरंच सैतान आहे की लेटीचं डोकं फिरलंय, याचं सरळ उत्तर मिळत नाही. मला मात्र तिसरंच काही तरी जाणवलं.

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या महिन्यात मी दुसऱ्या शहरात नोकरी धरली. पीजी, नवं ऑफिस, नवे कलीग्ज. सगळे छान होते, पण बाबांना ओळखणारं तिथे एकही माणूस नव्हतं. ‘कशी आहेस?’ला ‘मजेत!’ हे उत्तर ठरलेलं. आणि रात्री दोन वाजता फ्रिजची घरघर अशी काही वाढायची की उशी कानावर दाबून झोपावं लागायचं. फ्रिज बिघडलेला नव्हता. दिवाळीत घरी गेले, आईशी पोटभर रडले, परत आले तर आवाज नेहमीइतकाच.

लेटीला अशी दिवाळी मिळत नाही. तिच्या आसपासचे सगळे तगून राहण्याच्या लढाईत गुंतलेत, तिच्या आईबद्दल बोलायला कुणाला सवड नाही. न बोललेलं दुःख मग आवाज शोधतं. तिला वारा सापडला.

पडद्यावरचा वारा

1928 साली यावर मूकपट आला. दिग्दर्शक व्हिक्टर स्योस्त्रोम, लेटीच्या भूमिकेत लिलियन गिश. कादंबरी एमजीएमकडे नेली तीही गिशनंच. मोहावी वाळवंटात विमानांचे पंखे लावून वादळ उभं केलं. आवाज नसलेल्या सिनेमात वारा ‘ऐकू’ येतो, हे एकदा बघाच! फक्त सिनेमाचा शेवट गोड केलाय. कादंबरीचा नाही. याहून जास्त सांगत नाही.

आणि आता क्लायमॅक्स. ज्या वाऱ्यामुळे स्वीटवॉटरची बदनामी झाली म्हणून लोक चिडले होते, त्याच वाऱ्यावर आज तो परिसर वीज बनवतो. जवळच्या रॉस्कोचा पवनऊर्जा प्रकल्प 2009मध्ये पूर्ण झाला, तेव्हा 781.5 मेगावॉट क्षमतेचा तो जगातला सर्वांत मोठा होता. वारा तोच. फक्त आता त्याच्यापाशी माणसं आहेत, कामं आहेत, बोलणी आहेत.

या वीकेंडला कादंबरी मिळवून वाचा. आणि तुमच्या ऑफिसात नुकतंच कुणी लांबून आलं असेल, घरातलं माणूस गमावून आलं असेल, तर ‘कशी आहेस?’वर थांबू नका. चहा मागवा आणि गेलेल्या माणसाबद्दल विचारा.