घर विकलं, डॉलर गेले कुठे?

स्टेट्समध्ये सेटल झालेला एक तरी मित्र, चुलतभाऊ नाहीतर जुना कलीग आपल्यापैकी प्रत्येकाकडे असतोच. एडिसनच्या ओक ट्री रोडवर भाजी घेणारा, दर वर्षी गणपतीचे फोटो पाठवणारा. मग एक दिवस त्याचा फोन येतो, ‘परत येतोय रे, पुण्यात फ्लॅट बघून ठेव!’ आई-बाबा थकलेत, मुलांना मराठी यायला हवं, व्हिसाच्या कटकटीचा वैताग आलाय... कारणं काहीही असोत, प्लॅन एकच. तिकडचं घर विकायचं आणि त्या पैशात इकडचं घ्यायचं.

ऐकायला एकदम सोप्पं! पण विक्रीची किंमत आणि हातात येणारी रक्कम यांच्यात बरंच अंतर असतं. न्यू जर्सीचंच उदाहरण घेऊ. समजा, ५ लाख डॉलरला घेतलेलं घर ७ लाखांना विकलं. या ७ लाखांचं पुढे काय होतं ते बघा.

पहिला घास कमिशनचा

आपल्याकडे एजंट एक-दोन टक्क्यांवर समाधान मानतो आणि स्टँप ड्युटी घेणारा भरतो. अमेरिकेत खर्चाचा मोठा वाटा विकणाऱ्याच्या डोक्यावर असतो. वर्षानुवर्षं तिथे पाच-सहा टक्के कमिशन विकणाराच द्यायचा आणि ते दोन्हीकडच्या एजंट्समध्ये वाटलं जायचं. यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. तिथल्या रिअल्टर्सच्या राष्ट्रीय संघटनेने तडजोड केली आणि ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. आता घेणाऱ्याला त्याच्या एजंटबरोबर आधी लेखी करार करावा लागतो आणि त्या एजंटचे पैसे कोण देणार, हे वाटाघाटीत ठरतं. पण घर पटकन विकायचं असेल, तर अनेक जण अजूनही ते कमिशन स्वतःच देतात. म्हणून बार्गेनिंग करायला लाजू नका! पाच टक्के धरले तरी ३५ हजार डॉलर गेले.

दुसरा घास सरकारचा. न्यू जर्सीत ‘रिअल्टी ट्रान्सफर फी’ विकणाऱ्याला भरावी लागते. ७ लाखांच्या घरावर ती होते ६,२४५ डॉलर. घर १० लाख डॉलरच्या वर गेलं तर आणखी एक फी लागते, तिला तिथे सगळे ‘मॅन्शन टॅक्स’ म्हणतात. जुलै २०२५ पर्यंत ती घेणारा भरायचा, आता विकणाऱ्याला भरावी लागते आणि किंमत वाढेल तशी ती एक टक्क्यापासून साडेतीन टक्क्यांपर्यंत जाते.

वकिलाची फी वेगळी, ती साधारण हजार ते दोन हजार डॉलर. इन्स्पेक्शनमध्ये छप्पर गळतंय किंवा हीटिंग जुनं झालंय असं निघालं, की घेणारा किंमत पाडून मागतो. या दुरुस्त्या सोडल्या तरी आपला आकडा ४३ हजारांच्या आसपास पोचला, म्हणजे सहा टक्क्यांहून थोडा जास्त. उरलेल्यातून आधी बँकेचं मॉर्गेज फिटणार. जे राहील ते तुमचं.

टॅक्सची गुड न्यूज

आता थोडा दिलासा. विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षं ते घर तुमच्या मालकीचं असेल आणि तुम्ही स्वतः त्यात राहिला असाल, तर अडीच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर फेडरल कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर ही मर्यादा पाच लाख. आपल्या उदाहरणातला नफा यात आरामात बसतो.

पण ‘आत्ता नको विकायला, भाड्याने देऊन ठेवू’ असं म्हणून तीन वर्षांहून जास्त काळ गेला, की ही सवलत हातातून निसटते. शिवाय भाड्याच्या काळातल्या घसाऱ्यावर वेगळा टॅक्स लागतो, तो २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

खरा झटका: विमानात बसल्यावर

सगळ्यात मोठी गडबड होते ती तारखेची. एच-वन-बी वर गेलेला माणूस कायमचा परत आला, की अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या दृष्टीने साधारणपणे ‘नॉनरेसिडेंट’ होतो. त्यानंतर घर विकलं की ‘फिर्प्टा’ नावाचा कायदा लागू होतो. एनआरआयने इथला फ्लॅट विकला की आपल्याकडे जसा टीडीएस कापतात, तसाच हा प्रकार. घेणारा १५ टक्के रक्कम कापून थेट टॅक्स खात्यात भरतो. तो स्वतः तिथे राहणार असेल आणि किंमत १० लाखांच्या आत असेल तर १० टक्के.

आणि ही कपात नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर होते! आपल्या उदाहरणात ७० हजार डॉलर अडकले. टॅक्स शून्य असला तरी ते परत मिळवायला पुढच्या वर्षी रिटर्न भरायचं आणि रिफंडची वाट बघायची. इकडे पुण्यातला बिल्डर हप्त्यासाठी फोनवर फोन करतोय! कपात कमी करून घेण्यासाठी विक्रीआधी अर्ज करता येतो, पण त्याच्या उत्तराला साधारण ९० दिवस लागतात.

न्यू जर्सीचा स्वतःचा ‘एक्झिट टॅक्स’ही आहे. नाव भीतीदायक असलं तरी तो वेगळा टॅक्स नाही, राज्याच्या इन्कम टॅक्सचा ॲडव्हान्स आहे. राज्य सोडून जाणाऱ्याकडून किमान विक्री किमतीच्या दोन टक्के आधीच घेतले जातात. राहतं घर सवलतीत बसत असेल, तर क्लोजिंगच्या वेळी योग्य फॉर्म दिला की तेही वाचतात.

आणि भारतात?

परतल्यावर बऱ्याच जणांना पहिली दोन-तीन वर्षं ‘आरएनओआर’ हा स्टेटस मिळतो. या काळात परदेशातल्या घराच्या नफ्यावर साधारणपणे इथे टॅक्स लागत नाही. ही मुदत संपली की जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र होतं. दीर्घकालीन नफ्यावर दर १२.५ टक्के, सरचार्ज आणि सेस वेगळा. अमेरिकेची अडीच-पाच लाखांची सूट भारतात चालत नाही, त्यामुळे तिकडे माफ झालेल्या नफ्यावर इकडे टॅक्स बसू शकतो.

निघण्याआधी एवढं कराच!

* शक्य असेल तर क्लोजिंग आटोपूनच कायमचं विमान पकडा.
* मागे राहणार असेल तर विश्वासू माणसाच्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी तिथेच करा. नाहीतर मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट घ्या आणि प्रत्येक शिक्क्याचे ५० डॉलर मोजा.
* खरेदीचे आणि रिनोव्हेशनचे कागद जपून ठेवा. नवं किचन किंवा छप्पर यांचा खर्च नफ्यातून वजा होतो.
* पैसे पाठवताना बँकेच्या फीबरोबर डॉलरचा रेटही तपासा. मोठ्या रकमेत रेटमधले काही पैसेसुद्धा लाखाच्या घरात जातात.
* दोन्ही देशांचे टॅक्स समजणाऱ्या सीएला निघण्याच्या सहा महिने आधी गाठा. त्याची फी अडकलेल्या ७० हजार डॉलरपुढे काहीच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मित्राने फ्लॅट बघायला सांगितलं, तर बजेट विचारण्याआधी त्याला विचारा, ‘क्लोजिंग कधी आहे आणि फ्लाइट कधी?’