न सांगितलेले दुःख

जन्मतः माणूस परावलंबी असतो आणि दीर्घायुषी झाला, तर उतारवयातही त्याला पुष्कळदा दुसऱ्याच्या हाताचा आधार घ्यावा लागतो. मधल्या काळातही आजार, अपघात किंवा अपंगत्व यांमुळे कित्येक प्रौढ स्त्री-पुरुष जेवणखाण, औषधपाणी आणि पैशाचा व्यवहार यांसाठी इतरांवर विसंबून असतात. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षे व त्याहून अधिक वयाची माणसे १० कोटींहून अधिक होती. त्यांतील अनेकांना घरी माया आणि मान मिळतो; परंतु ज्या हाताने आधार द्यायचा, तोच हात काही घरांत उगारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात या वयाच्या दर ६ माणसांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो.

छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मारहाण येते. परंतु छळाची रूपे अनेक आहेत. घालूनपाडून बोलणे, धाक दाखवणे, खोलीत कोंडून ठेवणे, कोणाला भेटू न देणे हाही छळच होय. निवृत्तिवेतनाचे पैसे काढून घेणे, किंवा कागदावर काय लिहिले आहे हे न सांगता त्यावर अंगठा उमटवून घेणे, हा पैशाच्या लोभाने केलेला छळ होय. आणि सर्वांत मुकाट चालणारा छळ म्हणजे हयगय : वेळेवर जेवण न देणे, औषध संपले तरी न आणणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे कपडे न बदलणे.

मुलांनो, तुम्ही विचाराल, की असे दुःख भोगणारी माणसे बोलत का नाहीत? त्याला कारणे आहेत. त्रास देणारा पुष्कळदा पोटचा मुलगा असतो, सून असते, भाऊ असतो. त्याचे नाव चारचौघांत घेताना जीभ अडखळते. घराची अब्रू जाईल अशी लाज वाटते, आणि आहे तो आसराही सुटेल अशी भीती वाटते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण ऐकतो. परंतु त्या मुठीत कोणाचा जीव गुदमरत असेल, तर ती झाकून ठेवण्यात कसलीच प्रतिष्ठा नाही. काहींना तर वाचा गेल्यामुळे किंवा बुद्धीच्या अपंगत्वामुळे सांगताच येत नाही.

म्हणून पाहणाऱ्याने ओळखावे लागते. रोज ओट्यावर बसून हाक मारणारी आजी एकाएकी दिसेनाशी होते. कोणी प्रश्न विचारला, की तिच्याऐवजी दुसराच उत्तर देतो आणि ती खाली पाहते. अंगावरचे काळेनिळे डाग पुन्हापुन्हा दिसतात व त्यांचे कारण दर वेळी निराळे सांगितले जाते. चष्मा फुटून महिने लोटतात, पण तो कोणी दुरुस्त करून आणत नाही. विशिष्ट माणूस आत येताच ती अंग चोरून बसते. अशा खुणा मुलांच्या नजरेस लवकर पडतात. कारण मुलांना शेजारच्या घरात मुक्तद्वार असते.

तथापि एका खुणेवरून निकाल देऊ नये. वृद्धांची त्वचा पातळ असते. साध्या धक्क्यानेही तिच्यावर डाग उमटतो. विस्मृतीचा आजार झालेला माणूस जेवूनही उपाशी असल्याचे सांगतो. सेवा करणारे माणूसही थकून गेलेले असते आणि त्यालाच मदतीची गरज असू शकते. मात्र थकवा हे छळाचे समर्थन नव्हे. खरेखोटे ठरवणे हे जाणत्यांचे काम आहे. तुमचे काम, जे पाहिले व ऐकले ते जसेच्या तसे सांगणे.

कोणी तुमच्यापाशी मन मोकळे केले, तर शांतपणे ऐकावे. ‘कोणालाही सांगणार नाही,’ असे वचन मात्र देऊ नये. स्वतः जाब विचारायला जाऊ नये. त्याने दुबळ्या माणसाचाच त्रास वाढतो. आईवडील, शिक्षक किंवा विश्वासाचे वडीलधारे माणूस यांना सांगावे. गोष्ट आपल्याच घरातील असेल, तर शिक्षकांना सांगावे. पहिल्याने ऐकले नाही, तर दुसऱ्याकडे जावे. जिवाला धोका असेल, तर ११२ या क्रमांकावर पोलिसांची मदत मिळते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

कायदाही दुबळ्यांच्या पाठीशी आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी २००७ साली कायदा झाला. त्यानुसार मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वृद्धाला स्वतः अर्ज करणे शक्य नसेल, तर त्याने नेमलेली व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने तो करू शकते. ज्येष्ठांना सांभाळण्याची जबाबदारी असताना त्यांना टाकून देणाऱ्यास तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. दिव्यांगांसाठी २०१६ साली झालेल्या कायद्याने तर, छळाची खबर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यास द्यावी, अशी सोय केली आहे.

‘ही चहाडी तर होणार नाही ना?’ अशी शंका मनात येईल. चहाडखोर दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून बोलतो. साक्ष देणारा दुसऱ्याचे वाईट टळावे म्हणून बोलतो. शब्द तेच असले, तरी हेतू निराळा असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०११ साली १५ जून हा दिवस ज्येष्ठांच्या छळाविषयी जागृती करण्यासाठी मान्य केला. पण वर्षातून एक दिवस आठवण ठेवून भागणार नाही. येताजाता शेजारच्या आजोबांची विचारपूस करावी, त्यांच्यापाशी घटकाभर बसावे. ज्याच्या दाराशी माणसांची ये-जा असते, त्याचे दुःख फार काळ लपून राहत नाही.

स्वाध्याय

१. मारहाणीखेरीज छळाची कोणकोणती रूपे या पाठात सांगितली आहेत?
२. छळ सोसणारी माणसे तक्रार का करीत नाहीत?
३. चहाडी व साक्ष यांतील फरक तुमच्या शब्दांत उदाहरण देऊन लिहा.