एअर फ्रायरमधील कोळंबी

२०१० साली फिलिप्स कंपनीने बाजारात आणलेला एअर फ्रायर आता खेड्यांतील स्वयंपाकघरांतही दिसू लागला आहे. नावात तळणे असले, तरी हे यंत्र पंख्याने फिरविलेल्या उष्ण हवेने पदार्थ भाजते. म्हणून ओली कोळंबी त्यात कुरकुरीत होत नाही. सोललेल्या कोळंबीतील काळा दोरा काढून ती फडक्याने टिपावी. मीठ, हळद, तिखट व थोडे आगळ लावून रव्यात घोळवावी. वर चमचाभर तेल शिंपडावे. जाळीवर एकच थर पसरून २०० अंशांवर ६-७ मिनिटे ठेवावी व मध्ये एकदा उलटावी. मांस गुलाबी, अपारदर्शक होऊन कोळंबी अर्धचंद्रासारखी वळली, की ती शिजली. पूर्ण वेटोळे झाले, की चिवट झालीच म्हणून समजावे. यंत्र मिनिटे मोजते; पारख मात्र रांधणाऱ्याच्या डोळ्यांनीच करावयाची असते.