जीव वाचवणारं दान: काही गैरसमज

‘दान मनाला भिडेल तिथे द्यावं. जिवाचा हिशेब मांडणं माणुसकीला शोभत नाही.’ देणगीचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. पण हिशेब जिवाचा नसतो, पैशाचा असतो. हातातले दहा हजार एकीकडे दिले की दुसरीकडे जात नाहीत. न मोजताही निवड होतेच. फक्त ज्याचा फोटो आपल्यापर्यंत पोचला, त्याच्या बाजूने होते.

मोजल्याने काय हाती लागतं, ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला सुरुवात केली. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना त्यासाठी तयार केलं. त्यांनी घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, बाळ गार पडू नये म्हणून काळजी घ्यायची आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागचे नवजात मृत्यू ६२ वरून २५.५ वर आले. हा उपक्रम नसलेल्या, तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते कमी झालेच नाहीत. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले: दर बाळामागे खर्च ५.३ डॉलर, आणि दर १८ बाळांमागे एक मृत्यू (गर्भातल्या किंवा नवजात बाळाचा) टळला. म्हणजे एक जीव शंभर डॉलरच्या आत. तो आकडा तेव्हाचा आणि तिथला. आज तो जसाच्या तसा कुठेही लावू नये.

दुसरा समज जास्त नुकसान करतो: ‘पगार आणि प्रशिक्षणावर कमी खर्च करणारी संस्था चांगली.’ गडचिरोलीत प्रशिक्षण, मानधन, देखरेख आणि नोंदी हेच तर काम होतं. टक्केवारीवर बोट ठेवणाऱ्या दात्याने नेमका तोच खर्च वायफळ ठरवला असता. ताळेबंद जरूर पाहावा, त्यातून गैरव्यवहार कळतो. बाळं जगली की नाही, ते मात्र कळत नाही.

‘मग शेजारचा अडला तर त्याला देऊच नये का?’ जरूर द्यावं. ती नात्याची जबाबदारी आहे आणि ती वेगळीच राहते. प्रश्न आहे तो अनोळखी माणसांसाठी बाजूला काढलेल्या पैशाचा. तो देण्याआधी संस्थेला एवढं विचारा: तुम्ही नसता तर या लोकांचं काय झालं असतं, आणि हे तुम्ही कशावरून सांगता?