नवापूरच्या कोंबड्या आणि साखरेचे काटे

महाराष्ट्राच्या नकाशात वरच्या टोकाला, गुजरातला अगदी खेटून नंदुरबार जिल्हा आहे. त्यातलं नवापूर हे गाव. तिथल्या रेल्वे स्टेशनाची एक गंमत आहे. स्टेशनाचा काही भाग महाराष्ट्रात आणि उरलेला गुजरातमध्ये! पण फेब्रुवारी २००६ मध्ये हे गाव साऱ्या देशाला ठाऊक झालं ते वेगळ्याच कारणानं. तिथल्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं, बर्ड फ्लू! भारतातली ही पहिलीच साथ.

मग डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं गावात आली. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या गेल्या. पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडंच मोडलं. नवापूरपासून इतक्या लांब असलेल्या गावांतही लोक चिकनच्या दुकानाकडं फिरकेनात. खरं तर नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू जिवंत राहत नाही, पण घाबरलेल्या माणसाला कोण सांगणार?

आता खरी विचार करण्यासारखी गोष्ट पुढंच आहे. पोल्ट्रीत काम करणारी माणसं रोज त्या कोंबड्या हाताळत होती, त्यांची विष्ठा झाडत होती. त्यांच्या नाकातोंडात विषाणू गेलेच नसतील का? तिथल्या आजारी माणसांचे नमुने तपासले गेले. त्या साथीत एकाही माणसाला बर्ड फ्लू झाल्याचं आढळलं नाही. कोंबड्या हजारोंनी मरतात आणि शेजारी उभा असलेला माणूस वाचतो, हे कसं?

याचं एक मोठं उत्तर आहे साखर.

साखर म्हटल्यावर सोलापूरच्या मुलांना लगेच कारखान्याचं धुराडं आणि उसाच्या ट्रॉल्या आठवणार. पण ही साखर चहातली नव्हे. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आपल्याकडं हलवा करतात ना? तिळाच्या दाण्यावर साखरेचे बारीक बारीक काटे फुललेले असतात. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी जवळजवळ त्या हलव्याच्या दाण्यासारखी असते. तिच्या बाहेरच्या अंगावर वेगवेगळ्या साखरेच्या रेणूंच्या साखळ्या उभ्या असतात. यांतल्या बऱ्याच साखळ्यांच्या शेंड्यावर ‘सायलिक आम्ल’ नावाची एक साखर बसलेली असते. सायलॉन म्हणजे ग्रीक भाषेत लाळ. १९३६ मध्ये गुन्नार ब्लिक्स या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं ती लाळेच्या ग्रंथींतल्या चिकट पदार्थातून वेगळी काढली, म्हणून हे नाव.

फ्लूचा विषाणू नेमका याच शेंड्यावर टपून असतो. तो केवढा? दहा हजार विषाणू एका ओळीत मांडले तर ती ओळ एक मिलीमीटर भरेल! त्याच्याही अंगावर काटे असतात, पण प्रथिनांचे. ते दोन प्रकारचे. एकाचं नाव ‘एच’, दुसऱ्याचं ‘एन’. एच१एन१, एच५एन१ ही नावं पेपरात वाचता ना? ती यावरूनच पडली.

एच काट्याच्या टोकाला एक लहानशी खोबण असते. तीत सायलिक आम्ल बसतं. माळावरून फिरून आलं, की आघाड्याची बोंडं कपड्याला चिकटलेली असतात. एखादं बोंड सहज निघतं, पण शंभर चिकटली तर चड्डी धुवायलाच टाकावी लागते. इथंही तसंच आहे. एका काट्याची पकड अगदी ढिली, पण शेकडो काटे एकदम लागले की विषाणू पेशीला घट्ट धरतो. मग पेशी त्याला स्वतःच आत ओढून घेते. घरात घेतलेला हा पाहुणा पुढं काय करतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

“बाई, मग आपली साखर आणि कोंबडीची साखर वेगळी असते का?” आमच्या चौथीच्या वर्गातला हा प्रश्न. साखर तीच, पण ती जोडलेली असते वेगळ्या रीतीनं. सायलिक आम्ल खालच्या साखरेला दोन तऱ्हांनी जोडता येतं. शास्त्रज्ञ त्यांना ‘दोन-तीन’ आणि ‘दोन-सहा’ जोड म्हणतात. एका जोडणीत साखळी बरीचशी सरळ राहते, दुसरीत ती वाकून छत्रीसारखी पसरते. पक्ष्यांच्या आतड्यात दोन-तीन जोड भरपूर. आपल्या नाकात आणि घशात मात्र मुख्यतः दोन-सहा. बर्ड फ्लूच्या विषाणूची खोबण दोन-तीनच्या मापाची. त्याला आपल्या नाकात नीट बूड टेकायला जागाच मिळत नाही!

पण म्हणून निर्धास्त राहायचं का? नाही. २००६ मध्येच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की माणसाच्या फुप्फुसात अगदी खोलवर, हवेच्या फुग्यांपाशी दोन-तीन जोडही असतात. खूप विषाणू श्वासाबरोबर तिथवर पोचले, तर आजार फार गंभीर होतो. मात्र इतक्या खोलवरून खोकल्यावाटे दुसऱ्याला देणं त्याला अवघड जातं. जुलै २०२१ मध्ये दिल्लीत एक मुलगा याच आजारानं दगावला. भारतात माणसाचा बर्ड फ्लूनं झालेला तो पहिला नोंदलेला मृत्यू.

याउलट २००९ सालचा स्वाइन फ्लू बघा. त्या एच१एन१ विषाणूची खोबण दोन-सहाच्या मापाची होती, म्हणून तो शिंकेसरशी पसरला. भारतातला पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात गेला. शाळा बंद झाल्या, तपासणीसाठी रांगा लागल्या. डुकराच्या श्वासनळीत दोन्ही तऱ्हांचे जोड सापडतात. तिथं पक्ष्याचा आणि माणसाचा विषाणू एकाच पेशीत शिरून आपसांत सरमिसळ करू शकतात.

ही साखरेची ओढ सापडली कशी, तेही ऐका. १९४१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या अंड्यांत फ्लूचे विषाणू वाढवत होते. अंड्यातला द्रव काढताना पिल्लाची एक रक्तवाहिनी फुटली आणि रक्त त्या द्रवात मिसळलं. बघतात तर लाल पेशींच्या गुठळ्या! कारण लाल पेशींवरही तीच साखर असते. एकेक विषाणू दोन-दोन पेशींना धरून ठेवतो आणि सगळ्यांचं जाळं विणलं जातं. हर्स्ट यांनी यातूनच तपासणीची पद्धत काढली. लहान वाटीत लाल पेशी आणि नमुना घालायचा. विषाणू नसेल तर पेशी तळाशी जाऊन लाल बटणासारखा ठिपका दिसतो. असेल तर बटण बनतच नाही, सगळीकडं फिकट चादर पसरते. इतकी साधी पद्धत, पण आजही प्रयोगशाळांत वापरतात.

आता दुसरा काटा, एन. ही आहे विषाणूची कात्री. नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना त्याच साखरेला चिकटून अडकतात. मग एन ती साखर कापतो आणि त्यांना मोकळं करतो. आपल्या शेंबडातही ही साखर असते. विषाणू तिला फसून चिकटतो आणि शेंबडाबरोबर बाहेर जातो. तिथूनही सुटायला त्याला हीच कात्री लागते. (तेव्हा शेंबडाला हसू नका, तो आपला पहारेकरी आहे. पण रुमाल मात्र वापरा.) ऑसेल्टामिविर, म्हणजेच टॅमिफ्लू हे औषध त्या कात्रीच्या पात्यांत पाचर मारतं. आणि गंमत म्हणजे ते बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल मिळायचं चक्रीफुलातून. हो, आईच्या मसाल्याच्या डब्यातलंच! पण चक्रीफूल खाऊन फ्लू बरा होत नाही हं. कारखान्यात बऱ्याच पायऱ्यांनंतर त्याचं औषध होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१नं मेले. त्याच वर्षी अमेरिकेत तो गाईंच्या कासेत शिरला होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्या गाईंतल्या विषाणूचा एच काटा तपासला. त्यांना दिसलं, की या काट्यातलं फक्त एक अमिनो आम्ल बदललं तरी त्याची खोबण दोन-तीन सोडून दोन-सहाला धरू लागते. ती जागा २२६ क्रमांकाची. एच५एन१चा नवा नमुना हाती आला, की शास्त्रज्ञ ज्या मोजक्या जागा आधी तपासतात, त्यांतली ही एक.